सात ऑस्कर आणि एक न हसणारा साहेब

केबल टीव्हीवर वाढलेल्या आमच्या पिढीनं लहानपणी सगळ्यांत जास्त वेळा वाचलेलं परदेशी नाव म्हणजे फ्रेड क्विम्बी. शेक्सपिअर नंतर आला, आइनस्टाइन त्याच्याही नंतर. टॉम अँड जेरी लागायचं, सिंह डरकाळी फोडायचा, वाद्यवृंद दणक्यात सुरू व्हायचा आणि वळणदार अक्षरांत ‘प्रोड्यूस्ड बाय फ्रेड क्विम्बी’ अशी पाटी यायची. हा गृहस्थ कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा चुलतभाऊ छातीठोकपणे सांगायचा, की सगळी चित्रं हाच काढतो. ते खरं की खोटं या फंदात आम्ही पडलो नाही, पण एक गोष्ट अनुभवानं पक्की कळली होती: हे नाव आलं की कार्टून भारी असणार. भलतंच नाव आलं, की टॉमचा चेहरा कसनुसा दिसणार, आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमणार. मग खुशाल पाणी प्यायला उठावं.

पुढे मी याच धंद्यात आले. चित्रं काढणाऱ्यांत नाही, ती काढून घेणाऱ्यांत. गोरेगावच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर आहे. कुठला शॉट कुणाकडे आहे, तो कधी येणार आणि अजून का आला नाही, हे दिवसभर विचारत फिरायचं, हे माझं काम. एक्सेलची शीट हेच माझं चित्रकाम. ॲनिमेटर मंडळी मला चहाला आवर्जून बोलावतात, पण कामाच्या वेळी मी टेबलाकडे येताना दिसले की त्यांना एकदम फोन येतात. या नोकरीत मुरल्यावर क्विम्बीचं नाव पुन्हा समोर आलं आणि वाटलं, हा आपल्याच कळपातला दिसतोय. म्हणून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. कळपातला आहे खरा. त्याचा अभिमान बाळगावा की नाही, यावर मात्र माझं मन अजून दोन्हीकडे जातं.

क्विम्बीचा जन्म १८८६ चा, मिनियापोलिसचा. सुरुवात पत्रकारितेत झाली. १९०७ मध्ये तो मोंटाना राज्यातल्या मिझूला गावी चित्रपटगृह सांभाळत होता. त्या काळी सिनेमा म्हणजे काही मिनिटांची मुकी रिळं, आणि थिएटर चालवणं म्हणजे आज कुठली रिळं मागवली तर लोक तिकीट काढतील याचा रोजचा अंदाज. तिथून तो पॅथे या चित्रपट कंपनीत शिरला, वर चढत संचालक मंडळावर गेला, १९२१ मध्ये बाहेर पडून स्वतःच निर्माता झाला. मग १९२४ मध्ये फॉक्स आणि १९२७ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम. तिथे लघुपट विभाग त्याच्या ताब्यात आला. या सगळ्या वाटचालीत चित्रकलेचा कुठे संबंध नाही आणि विनोदाचाही नाही. माणूस मुळात वितरणातला. माल कुठे खपतो हे कळणारा.

तेव्हा अमेरिकेत सिनेमाच्या तिकिटात मुख्य चित्रपटाच्या आधी वार्तापट, एखादा लघुपट आणि सात-आठ मिनिटांचं एक कार्टून मिळायचं. मोठ्या कंपन्या थिएटरवाल्यांना हे सगळं एकगठ्ठा विकायच्या. त्यामुळे प्रत्येक स्टुडिओला कार्टून लागायचंच, आवडो न आवडो. एमजीएमची कार्टून्स १९३४ पासून ह्यू हरमन आणि रुडॉल्फ आयसिंग ही जोडी बाहेरून बनवून देत होती. दिसायला देखणी, पण खर्चाला धरबंध नाही. १९३७ मध्ये एमजीएमनं तो करार मोडला, स्वतःचाच कार्टून विभाग काढायचं ठरवलं आणि ते काम क्विम्बीच्या गळ्यात घातलं. वय ५० उलटून गेलेलं. कार्टून कसं बनतं याची फारशी माहिती नसताना हातात एक रिकामा विभाग.

पहिली दोन वर्षं सपशेल फसली. वर्तमानपत्रातल्या एका गाजलेल्या चित्रमालिकेचे हक्क एमजीएमनं विकत घेतले होते. तिच्यावर ‘द कॅप्टन अँड द किड्स’ नावाची मालिका काढायची ठरली, आणि त्यासाठी क्विम्बीनं वॉर्नर ब्रदर्सची कार्टून्स बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरकडून फ्रिझ फ्रेलेंग या दिग्दर्शकाला जास्त पगार देऊन फोडून आणलं. मालिका पडली. फ्रेलेंग १९३९ मध्ये परत श्लेसिंगरकडे गेला. मध्यंतरी एका नावाजलेल्या व्यंगचित्रकारालाही आणून झालं होतं, तोही टिकला नाही. शेवटी ज्या हरमन-आयसिंगना खर्चिक म्हणून काढलं होतं, त्यांनाच पुन्हा पगारावर घ्यावं लागलं. आमच्याकडे एखाद्यानं एवढा घोळ घातला असता, तर त्याचा निरोप समारंभसुद्धा झाला नसता. क्विम्बी टिकला. मोठ्या कंपनीत टिकून राहणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती त्याला चांगली अवगत होती.

पण त्या घोळातच एक गोष्ट नीट झाली. माणसं गोळा झाली. न्यूयॉर्कच्या टेरीटून्स स्टुडिओतून काही जण कॅलिफोर्नियात ओढले गेले, त्यांत जोसेफ बार्बेरा होता. बँकेत कारकुनी करत मासिकांना व्यंगचित्रं विकणारा, हात विजेसारखा चालणारा. हरमन-आयसिंगच्या तालमीतून बिल हॅना आला. न्यू मेक्सिकोत जन्मलेला, चित्रकलेत बेताचा, पण वेळेचा आणि तालाचा पक्का. दोघांची टेबलं जवळ आली, आणि दोघांनी मिळून मांजर आणि उंदीर यांचं एक कार्टून करायला घेतलं. विषय ऐकून विभागातल्या लोकांनी नाकं मुरडली होती. मांजर-उंदीर यात नवीन ते काय!

‘पुस गेट्स द बूट’ फेब्रुवारी १९४० मध्ये लागलं. मांजराचं नाव जॅस्पर. पडद्यावर श्रेय एकट्या रुडॉल्फ आयसिंगला; हॅना आणि बार्बेरा यांची नावं कुठेच नाहीत. कार्टून चाललं, ऑस्करच्या नामांकनातही आलं. त्या वर्षी ऑस्करची बाहुली मिळाली ती आयसिंगच्याच ‘द मिल्की वे’ला. १९३२ पासून दरवर्षी हे बक्षीस डिस्नेकडेच जात होतं, ती साखळी एमजीएमनं तोडली. एवढं होऊनही मांजर-उंदराची दुसरी गोष्ट करायला क्विम्बी राजी नव्हता. एकाच जोडीवर सगळी भिस्त ठेवणं त्याला धोक्याचं वाटत होतं. हॅना-बार्बेरांना दुसऱ्या कामाला लावलं गेलं.

मग टेक्सासहून पत्र आलं. बेसा शॉर्ट या बाई तिथल्या चित्रपटगृहांच्या धंद्यातलं बडं नाव. मांजर-उंदराचं पुढचं कार्टून कधी पाठवताय, अशी त्यांची विचारणा होती. झालं. जे दोन कलावंतांना सांगून पटवता आलं नव्हतं, ते थिएटरवालीच्या एका पत्रानं पटलं. यावरून क्विम्बीला नावं ठेवणारे खूप आहेत. मला उलट वाटतं, की त्याच्या सबंध कारकिर्दीतली सर्वांत समजण्याजोगी गोष्ट हीच. हा मिझूलाचा थिएटरवाला. कार्टून चांगलं की वाईट हे त्याला कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक पुन्हा मागतंय याचा अर्थ त्याला लख्ख कळत होता. नावासाठी विभागात स्पर्धा झाली, जॉन कार या ॲनिमेटरनं ‘टॉम’ आणि ‘जेरी’ सुचवलं आणि ५० डॉलर मिळवले.

पुढचं जगजाहीर आहे. १९४३ च्या ‘द यँकी डूडल माउस’ला ऑस्कर. तळघरातलं हे युद्ध ऐन महायुद्धात आलं, आणि त्यात अंड्यांचे हातबाँब झाले होते. मग ‘माउस ट्रबल’, ‘क्वाएट प्लीज’ आणि ‘द कॅट कॉन्सेर्टो’. लागोपाठ चार वर्षं. पुढे ‘द लिटल ऑर्फन’, ‘द टू माउसकेटीअर्स’ आणि ‘योहान माउस’. एकूण सात. त्या वेळच्या नियमाप्रमाणे लघुपटाचं ऑस्कर निर्मात्याला मिळायचं. त्यामुळे सातही वेळा टाळ्या क्विम्बीसाठी. सूट घालून तो मंचावर जायचा, बाहुली घ्यायचा आणि खाली यायचा. हॅना-बार्बेरांना कधी वर बोलावलं गेलं नाही. बार्बेरानं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत हा सल स्पष्ट दिसतो, आणि का दिसू नये? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नियम अकादमीचा होता हे खरं. पण ‘या, तुम्हीही या’ असं म्हणायला कुठलाच नियम आडवा येत नव्हता.

क्विम्बीला विनोदाचं वावडं होतं, याबद्दल त्याच्या हाताखाली काम केलेल्यांचं एकमत आहे. सगळ्यांत मासलेवाईक किस्सा टेक्स अॅव्हरी या दिग्दर्शकाचा. श्लेसिंगरशी बिनसल्यावर अॅव्हरी १९४१ मध्ये एमजीएमकडे आला, आणि त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे १९४२ चं ‘ब्लिट्झ वुल्फ’. तीन डुकरांची गोष्ट, फक्त लांडगा म्हणजे हिटलर. अॅव्हरी सांगायचा, की क्विम्बीनं त्याला बजावलं होतं: त्याला फार लागेल असं काही करू नका, लढाई कोण जिंकेल अजून ठरलेलं नाही. खरं-खोटं अॅव्हरी जाणे. विनोदी माणसाच्या तोंडून आलेला किस्सा वाटेत थोडा फुगतोच. पण मला तो खरा वाटतो. वितरणातला माणूस असाच विचार करतो. उद्या जर्मनीतली थिएटरं पुन्हा उघडली तर?

हे एमजीएमपुरतं नव्हतं. तिकडे वॉर्नरकडे १९४४ मध्ये श्लेसिंगरच्या खुर्चीत एडी सेल्झर आला. त्याच्याबद्दल तिथल्या चक जोन्स या दिग्दर्शकानं सांगितलेले किस्से असेच आहेत. बैलांच्या झुंजीत विनोदी काहीच नसतं असं सेल्झरनं ठणकावून सांगितलं, म्हणून जोन्सनं मुद्दाम बग्ज बनीला बैलासमोर उभं केलं. सेल्झरला न आवडणाऱ्या प्रेमवेड्या स्कंकचं कार्टून १९४९ चं ऑस्कर घेऊन आलं, आणि ते घ्यायला सेल्झरच गेला. म्हणजे चाळिशीच्या दशकातल्या अमेरिकेत मोठ्या स्टुडिओचा कार्टून निर्माता व्हायचं, तर हसू न येणं ही जणू पात्रताच होती.

गंमत अशी, की नेमक्या याच दोन रुक्ष साहेबांच्या छायेत अमेरिकन कार्टूनचं सर्वांत झणझणीत काम झालं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्याला विनोद कळतो तो निर्माता विनोदात हात घालतो. ‘इथे जरा असं केलं तर?’ हे वाक्य आमच्या धंद्यात किती आठवडे खातं, ते मला विचारा. क्विम्बीला विनोद कळत नव्हता म्हणून तो बिचारा खर्चाचे कागद बघायचा, तारखा बघायचा आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांशी बोलायचा. खाली हॅना, बार्बेरा आणि अॅव्हरी आपापल्या खोलीत मोकळे.

मोकळे म्हणजे काय, हे ‘द कॅट कॉन्सेर्टो’मध्ये नीट दिसतं. टेलकोट घातलेला टॉम रंगमंचावर येतो, पियानोसमोर बसतो, फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी सुरू करतो. जेरी पियानोच्या आत, हातोड्यांवर झोपलेला. पहिल्या मिनिटात जवळजवळ काहीच घडत नाही. टॉम नाक वर करून, डोळे अर्धे मिटून वाजवतो. बोटं बघा. बोट ज्या पट्टीवर पडतं तोच सूर ऐकू येतो. खालच्या सुरांना हात डावीकडे, वरच्यांना उजवीकडे, चढत्या ओळीला मनगट पुढे सरकतं. संगीत न कळणाऱ्या प्रेक्षकाला हे जाणवतसुद्धा नाही, पण म्हणूनच तर त्याचा टॉमवर विश्वास बसतो. मग जेरी जागा होतो. पुढची मारामारी सगळी त्या रचनेच्या आत होते. थप्पडही तालात पडते. हॅना हा माणूस असा, की कुठली हालचाल किती फ्रेम चालणार हे आधी कागदावर मांडायचा, मेट्रोनोम लावून. सेकंदाला २४ फ्रेम. टॉमनं टाच उचलली ते टाच टेकली यात किती, हे चित्र काढण्याआधी ठरलेलं. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीही हॅनाचीच, स्वतः मायक्रोफोनपुढे उभा राहून फोडलेली. आणि या सगळ्याच्या खाली स्कॉट ब्रॅडली हा संगीतकार पावलागणिक संगीत लिहीत होता, जिवंत वाद्यवृंदासाठी. अशा एका सात मिनिटांसाठी १०,००० च्या वर फ्रेम भरायच्या, रंगवायच्या, वाजवायच्या. याला पैसे लागतात. ते पैसे वरून आणणारा माणूस क्विम्बी होता. तेव्हा ‘त्यानं काय केलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर मला तरी देता येत नाही.

पण नाव मोठ्या अक्षरांत लावायचं तर सगळ्याच्याच खाली लावावं लागतं. त्या कार्टून्समध्ये चेहरा न दिसणारी एक जाडजूड बाई होती. फक्त पाय, सपाता आणि हातातला झाडू. आम्हाला ती टॉमची मालकीण वाटायची. तिच्या वरताण कुणी नाही म्हणून आम्हाला आवडायचीही. ती मूळची गोऱ्यांच्या कल्पनेतली काळी मोलकरीण आहे, तिचं बोलणं त्याच साच्यातलं आहे, आणि बाँब फुटल्यावर टॉमचा चेहरा काळा होऊन डोक्यावर फुलासारखं काहीतरी उगवतं तो विनोद कुणाला हिणवतो, यातलं काहीच डोंबिवलीच्या चाळीत कळायला मार्ग नव्हता. तिला आवाज दिला होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी त्या काळीच आक्षेप घेतले होते आणि १९५२ नंतर ती बाई कार्टूनमधून गेली. पुढे टीव्हीसाठी तिचे आवाज बदलले गेले, काही ठिकाणी ती चित्रंच बदलली. आता ती जुनी रूपं पाहिली की पोटात कसंतरी होतं. तिथेही पाटी तीच, अक्षरं तितकीच वळणदार.

पैशाची गोष्ट आली की या कथेचा शेवटही आला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि मोठ्या कंपन्यांची थिएटरवरची पकड सुटू लागली. एकगठ्ठा विक्री संपली, की कार्टून हा थिएटरवाल्याच्या मर्जीचा माल झाला. त्यात घरोघरी टीव्ही आला. कार्टूनचा खर्च वाढत होता, भाडं मात्र होतं तिथेच. १९५५ मध्ये क्विम्बी निवृत्त झाला आणि हॅना-बार्बेरा स्वतःच निर्माते झाले. त्या सुमाराची कार्टून्स काढून बघा. पडदा रुंद सिनेमास्कोप, पण मागची चित्रं सपाट, रेषा जाड, फर्निचरच्या सावल्या गायब. दिग्दर्शक तेच, किंकाळीही तीच. आटला होता तो पैसा. लहानपणी आम्ही क्विम्बीच्या नावाला गुणवत्तेचा शिक्का समजायचो, ते अगदीच चूक नव्हतं म्हणायचं. तो शिक्का त्याच्या प्रतिभेचा नव्हता. ज्या वर्षांत एमजीएम सढळ हातानं खर्च करत होतं, त्या वर्षांचा होता.

१९५७ मध्ये एमजीएमच्या हिशेबनिसांना कळलं, की जुनंच कार्टून पुन्हा पाठवलं तरी नव्याच्या जवळपास तेवढं उत्पन्न येतं. मग नवीन करायचंच कशाला? बार्बेरानं सांगितल्याप्रमाणे एक फोन आला आणि विभाग बंद झाला. ऑस्करच्या सात बाहुल्या त्या फोनच्या आड येऊ शकल्या नाहीत. खुर्चीत क्विम्बी असता तर काही वेगळं घडलं असतं का? मला नाही वाटत. उलट त्यालाच तो हिशेब सर्वांत आधी पटला असता.

बेकार झालेल्या दोघांनी त्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली. एमजीएममध्ये एका सात मिनिटांच्या कार्टूनला चाळीस-पन्नास हजार डॉलर लागत. टीव्हीवाले पाच मिनिटांना सुमारे ३,००० द्यायला तयार होते. तेव्हा चित्रं कमी करणं आलं. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, माहीत आहे? बोलताना फक्त डोकं हलवायचं, धड तसंच ठेवायचं, आणि दोन्हींमधला सांधा कॉलरखाली झाकायचा. एकदा हे कळलं की हॅना-बार्बेराच्या निम्म्या प्राण्यांच्या गळ्यात काहीतरी अडकवलेलं दिसायला लागतं. १९६० मध्ये फ्लिंटस्टोन्स आले, ऐन संध्याकाळच्या वेळेला, मोठ्यांसाठी. त्याच वर्षी त्यांच्या हकलबेरी हाउंड या मालिकेला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. आता पाटीवर दोघांची नावं ठळक आणि चित्रं काढणाऱ्यांची यादी शेवटी, डोळ्यांसमोरून सर्रकन जाणारी. क्विम्बीच्या खुर्चीचा गुणच तो असावा. फरक एवढाच, की हे दोघे विनोदाला हसायचे.

मग त्याच खुर्चीतून काम परदेशी जायला लागलं. आधी ऑस्ट्रेलिया, मग तैवान, पुढे फिलिपीन्स. १९७९ आणि १९८२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ॲनिमेटरांच्या संघटनेनं याच प्रश्नावर संप केले. दुसरा संप फसला आणि काम जातच राहिलं. त्या ओघाच्या शेपटाशी कधीतरी त्रिवेंद्रम, हैदराबाद, मुंबई आली. आम्हीही तिथेच कुठेतरी बसलोय, गोरेगावला, तिसऱ्या मजल्यावर. परदेशी मालिका येते, स्टोरीबोर्ड तिकडून, आवाज तिकडून. हलवायचं काम आमचं. क्विम्बी १६ सप्टेंबर १९६५ रोजी सांता मोनिकात वारला. त्याची कार्टून्स १९८६ मध्ये एमजीएमच्या जुन्या साठ्याबरोबर टेड टर्नर या अमेरिकी टीव्हीवाल्यानं विकत घेतली, आणि टर्नरच्याच वाहिनीवरून १९९५ मध्ये ती भारतात आली. दिवसा कार्टून, रात्री त्याच वाहिनीवर एमजीएमचे जुने चित्रपट. टर्नरचा तो सौदा झाला नसता तर माझ्या चुलतभावाला क्विम्बीचं नाव कळायचं काही कारण नव्हतं.

हे सगळं मी एकदा डब्याच्या सुट्टीत आमच्या एका सिनियर ॲनिमेटरला ऐकवलं. माझा मुद्दा बाहुल्यांचा होता; सात सात बाहुल्या एकट्यानं नेल्या, हे त्याला ऐकवायचं होतं आणि तो चिडेल अशी माझी खात्री होती. माणूस हाडाचा चित्रकार, प्रॉडक्शनवाल्यांवर कायम खार खाऊन. तो भेंडीची भाजी खात शांतपणे ऐकत होता.

मग म्हणाला, “वर्षाला किती करायचे ते?”

मी सांगितलं, की १९४० ते १९५८ मध्ये मिळून १९४० चं ते पहिलं धरून ११४ झाली. म्हणजे वर्षाला साधारण सहा. प्रत्येक सात मिनिटांचं.

त्यानं मनातल्या मनात गुणाकार केला. आम्ही सध्या करतोय ती मालिका ५२ भागांची आहे, भाग ११ मिनिटांचा, मुदत दीड वर्ष. त्याच्याकडच्या शॉटची यादी माझ्याच शीटमध्ये लाल रंगात उभी होती.

“अगं, वर्षाला बेचाळीस मिनिटं?” तो म्हणाला. “मग नेऊ दे की त्याला बाहुल्या.”

आणि हात धुवायला जाता जाता एकशे सतरा नंबरचा शॉट त्यानं माझ्याकडून सोमवारवर ढकलून घेतला.